थावर, तुझं सहावं प्रकरण

थावर, तू गेल्यापासून माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. सगळे फार गोड वागतात. मी स्टाफरूममध्ये शिरलो की आवाज खाली येतात, शिपाई न सांगता चहा आणून ठेवतो. परवा मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो की परदेशी मदत आली म्हणजे देश सुधारतोच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. कुणी मान वर केली नाही. इतिहासाच्या टेबलाशी तुझी खुर्ची तशीच होती, तिच्यावर कुणीतरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला होता. तुझा इतका राग आला मला! माणसानं जावं एकवेळ, पण वाद असा अर्धवट टाकून जावं का?

लोक मला विचारतात, तुमचं दोघांचं जमलं कसं. तू बंजारा तांड्यावरचा राठोड, मी गॅरेजवाल्यांच्या घरातला करीम. तुझा विषय इतिहास, माझा अर्थशास्त्र. मी त्यांना सांगतो की आमचं जमलं नव्हतंच, आम्ही यवतमाळच्या वसतिगृहात एका खोलीत पडलो होतो आणि पहिल्या दिवशी सुरू झालेलं भांडण संपेपर्यंत वेगळं व्हायचं नाही असं काहीतरी ठरून गेलं. लोक हसतात. त्यांना वाटतं मी दुःखातून सावरतोय.

तुला आफ्रिकेचं वेड कुठून लागलं हेही विचारतात, आणि ते मात्र मी नीट सांगतो. छप्पन साली आपला जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, आणि चार वर्षांत तिथून महाराष्ट्रात. आपण जागचे हललो नाही, राज्यंच बदलत गेली. त्याच साठ साली आफ्रिकेत एकामागून एक देश स्वतंत्र होत होते, आणि माझ्या भाईजानच्या गॅरेजमधल्या रेडिओला कान लावून तू ती नावं ऐकायचास. समोर जिनिंगचा ट्रक उघडा पडलेला, भाईजान त्याच्याखाली, आणि तू पेट्रोलच्या डब्यावर बसून ओरडायचास, "अबे करीम, यायले आत्ता कुठं झेंडा भेटला, अन् मदत देनारे दारात उभे बी हायेत!"

"मंग उभे राहू दे ना. पोटाले तर लागते."

"पोटाले लागते हे खरं. पन दार कोनाचं, ते पाह्य ना बे."

ट्रकखालून भाईजानचा आवाज यायचा, "प्रोफेसरसाब, बॅटरी उतर जायेगी." तू रेडिओ बंद करायचास आणि वाद चालू ठेवायचास. 'नव्या आफ्रिकी राष्ट्रांचं राजकारण आणि परदेशी मदत' हा तुझा प्रबंधाचा विषय तिथं त्या डब्यावर ठरला. विद्यापीठात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. यवतमाळला बसून आफ्रिका? तू म्हणालास, लंडनला बसून यवतमाळचा इतिहास लिहिलेला चालतो की.

पण तुझी आफ्रिका खरी सुरू झाली ती घाटंजीच्या पलीकडे, तुमच्या तांड्यावर. तो दिवस मी कितीदा सांगितला असेल, आणि दर वेळी तू मधेच तोंड घालून दुरुस्त्या करायचास. आज मला सलग सांगता येतो, आणि सांगावासा वाटत नाही.

तू एम.ए.ची परीक्षा देऊन नागपूरहून परतला होतास, वर्षभर घरी गेला नव्हतास. ब्लॉकच्या जीपमधून एक परदेशी तज्ज्ञ तांडे पाहायला निघाला होता आणि त्याला तुमची गोरबोली येणारा दुभाषी हवा होता. फुकट जीप मिळतेय म्हणून तू बसलास, आणि मीही मागे चढलो. तांड्यात जीप थांबली, तू उतरलास, आणि याडी धावत आली. तुझी आई, पण सगळा तांडा तिला याडी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. तिनं तुझ्या गळ्यात हात टाकले आणि रडायला सुरुवात केली. तुमच्याकडे बाया भेटीला रडतात, सुरात, ओळी जुळवत, आणि त्या रडण्यातच सगळी ख्यालीखुशाली विचारून होते. मागोमाग दोन मावश्या आल्या. त्याही गळ्यात पडल्या. तिघींचा आवाज असा चढला की माझ्याही अंगावर काटा आला, आणि मला तर ठाऊक होतं.

त्या परदेशी माणसानं टोपी काढली. जरा वेळ झाडाकडे तोंड करून उभा राहिला. मग जवळ येऊन हळूच विचारलं, त्या काय म्हणतात?

तू जसंच्या तसं सांगितलंस. वाळलास काहून म्हणतात, खानावळीत जेवायला देतात की नाही म्हणतात. भुऱ्या गायीला कालवड झाली. मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलाकडचे झरीकडचे आहेत.

त्यानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तुला शरम वाटते म्हणून तू लपवतोस, असं त्याला वाटलं. तू परत सांगितलंस, बरोबर आलेल्या ब्लॉकच्या अधिकाऱ्यानंही सांगितलं, तोवर याडी डोळे पुसून हसत हसत चहा ठेवायला गेलेली होती. तरी त्याचा विश्वास बसला नाही. महिन्याभरात तांड्यावर दूध पावडरीची पोती आली. घरोघरी गायी असलेल्या तांड्यावर! याडीनं एक पोतं उघडलं, चव घेतली आणि ते वासराला पाजून टाकलं.

हे ऐकून सगळे हसतात. तूही हसायचास, पण सगळ्यांच्या आधी थांबायचास. कारण पुढची गोष्ट तू पाहिली होतीस. पोती वाटायला माणूस लागतो. जीप तांड्याचा न्यायनिवाडा करणाऱ्या नायकाच्या दारापर्यंत जात नव्हती, वाट अरुंद होती. ती मुकादमाच्या टिनाच्या घरासमोर थांबायची, तिथं खुर्चीही होती. मग पोती तिथंच उतरायला लागली. मग कागदावर अंगठे तिथंच. दोन पावसाळ्यांनी पाहिलं तर तांड्यातली भांडणं मिटवायला लोक मुकादमाकडे जात होते आणि म्हातारा नायक लिंबाखाली एकटा बसून होता. कोणी त्याला काढलं नव्हतं. "पाह्य करीम," तू म्हणाला होतास, "पंचायत बसली नाई, भांडन झालं नाई. नुसती गाडी थांबली, अन् राज बदललं. मी ह्येच पेपरात वाचून राह्यलो, आफ्रिकेचं."

मग जोसेफ भेटला. टांगानिकाचा, नागपुरात शेतकी शिकायला आलेला उंच पोरगा. तू त्याला होळीला तांड्यावर नेलंस आणि लेंगी गाणाऱ्यांच्या रिंगणात ढकललंस. तो आपल्या दोघांपेक्षा बरा नाचला. नंतर आपण बसलो असताना तू त्याला याडीच्या रडण्याचा किस्सा सांगितलास. तो हसला नाही. म्हणाला, आमच्या गावात उलटं झालं. दुष्काळ होता. मदतवाले पाहणीला आले, तर पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं म्हणून गावानं उरलेला बोकड कापला. पाहुणे जेवले, आणि गाव खाऊनपिऊन सुखी आहे असं लिहून निघून गेले.

मी तुझ्या तोंडाकडे पाहत होतो. तुझं सहावं प्रकरण तिथं जन्माला आलं. एका गावानं घरी आलेल्या पोराला रडून घेतलं म्हणून ते उपाशी ठरलं, दुसऱ्यानं पाहुण्याला जेवू घातलं म्हणून ते सुखी ठरलं. मदतीचा सगळा इतिहास हा पाहुणचाराचा चुकीचा अर्थ लावण्याचा इतिहास आहे, आणि जो त्या पाहुण्याला सोयीचा अर्थ सांगतो तो उद्याचा राजा होतो. तू हे इतक्या जोरात लिहिलंस की टंकलेखन यंत्राच्या टिंबांनी कागदाला भोकं पडली. पुढे त्या देशाचं नाव टांझानिया झालं तेव्हा तू देशाला शिव्या घातल्यास, पानं परत टाइप करावी लागणार म्हणून.

तुझं इंग्रजी मी तपासायचो. सहाव्या प्रकरणाच्या समासात मी एकच शब्द लिहिला होता, 'नाही'.

माझं म्हणणं तुला पाठ होतं, तरी परत सांगतो, कारण ते अजून मागे घेतलेलं नाही. तांड्याच्या शेवटी तीन घरं होती ज्यांच्या गायी मेल्या होत्या. त्या घरांतल्या पोरांच्या ओठांवर मी त्या पावडरीच्या दुधाच्या पांढऱ्या मिशा पाहिल्या आहेत. ती पोरं मुकादमाच्या खुर्चीकडे पाहत नव्हती, पेल्याकडे पाहत होती. दूध चुकीच्या कारणानं आलं म्हणून पोटात जाऊन कमी भरतं का? आणि दोन गोष्टींवर प्रबंधाचं प्रकरण उभं राहत नाही. एक तुझ्या आईची, एक होळीत भेटलेल्या पोराची. मी अर्थशास्त्राचा माणूस आहे. मला दोनाचे दोनशे करून दाखव.

"प्याली ना दूध," तू म्हणायचास. "मी नाई म्हंतो का? मी इतकंच म्हंतो का ते कोन्या वाटेनं आलं ते बी लिहा."

परीक्षकाचा शेरा आला तेव्हा तू माझ्याकडे असा पाहिलास जसा तो मीच लिहिला होता. घरगुती आठवण आणि एका विद्यार्थ्याच्या गप्पा हे इतिहासाचं साधन नव्हे. सहावं प्रकरण वगळल्यास बाकीचा प्रबंध मान्य करता येईल. मी म्हणालो, काढ. पदवी घे, मग ते वेगळं छाप, तुला कोण अडवतंय. सगळ्यांनी तेच सांगितलं. तू म्हणालास, बाकीची प्रकरणं कोणीही लिहील, पेपर वाचून लिहिता येतात. हे एकच माझं आहे.

मग कावीळ. दवाखान्यात तुझे डोळेसुद्धा पिवळे झाले होते आणि डोक्यावर याडीनं पाठवलेली झाडपाल्याची माळ होती, कावीळ उतरवायची. डॉक्टरांनी नाक मुरडलं तरी तू ती काढली नाहीस. मला चिडवायला ते पुरेसं होतं.

"का प्रोफेसर," मी म्हणालो, "मदत चालते वाटते?"

"चालते ना. देनारी मले वळखते." मग बराच वेळ डोळे मिटून पडलास. वहिनी उसाचा रस गाळत होती. मला वाटलं झोप लागली. तू डोळे न उघडताच म्हणालास, "करीम, मी काढतो ते प्रकरण. सोता काढतो. फकत तू एकदा म्हन का ते खरं हाय."

"काहून? माह्या म्हनन्यानं काय होते?"

"परीक्षक नाई म्हनू दे. त्यायनं तांडा पाह्यला नाई, जोसेफले पाह्यलं नाई. तू होता ना बे तिथं. तू होता, अन् तू बी नाई म्हंतो."

मी म्हणालो, पहिले बरा हो, मग भांडू. तू हसलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. वहिनीनं रसाचा पेला माझ्याच हातात दिला, तू झोपलास असं समजून.

ते शेवटचं. त्यानंतर तू शुद्धीवर होतास तेव्हा मी नव्हतो आणि मी होतो तेव्हा तू नव्हतास.

तुला शेवटचं पोचवून आल्यावर चार दिवसांनी आम्ही कॉलेजातले पाच-सहा जण तांड्यावर भेटायला गेलो. प्राचार्यांनी मोटार काढली होती. मी पुढे बसलो होतो, वाट मलाच माहीत म्हणून. मोटार थांबली, मी उतरलो, आणि याडी आली. थावर, तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि तोच सूर लावला. मी तिच्या घरी इतकी वर्षं येतोय, पण असं तिनं मला कधी घेतलं नव्हतं. मी पाहुणा होतो, मला चहा मिळायचा. त्या दिवशी तिनं मला रडून घेतलं.

आता मला तुमची बोली कळते, तूच शिकवलीस. ती विचारत होती, अम्मीचे गुडघे कसे आहेत. उन्हातून आलास, जेवला नसशील. दही लावलंय. भाईजानच्या मुलीचं शाळेत नाव घातलं का? आणि त्याच सुरात, तेवढ्याच ओळीत, आवाज जराही न बदलता: गाडीतून तू उतरलास, बाकीचे उतरले, माझा कुठं मागं राहिला?

प्राचार्य टोपी हातात घेऊन उभे होते. भले माणूस. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "काय म्हणतात हो त्या?"

मी तोंड उघडलं. गुडघे सांगू? दही सांगू? मी म्हणालो, "फार दुःख झालंय त्यांना."

प्राचार्यांनी मान हलवली. त्यांना लगेच पटलं. तू खरं सांगितलं होतंस तेव्हा त्या परदेशी माणसाला पटलं नव्हतं, आणि मी सोयीचं सांगितलं ते एका क्षणात पटलं. परत निघताना ते मला म्हणाले, बरं झालं तुम्ही बरोबर होता, आम्हाला काही कळलंच नसतं. त्यांना काय कळलं होतं ते मला माहीत होतं. मोटारीत मी काच खाली करून तोंड बाहेर काढलं, धूळ गेली म्हणून डोळे चोळतोय असं दाखवत. घाटंजीचा बाजार होता, रस्त्यात बैलगाड्यांची गर्दी, ड्रायव्हर सारखा भोंगा वाजवत होता. मी मनात दोनाचे दोनशे करत होतो: याडीची गोष्ट, जोसेफची, आता ही माझी. थावर, दोनशे होतात. मोजायला लागलं तर त्याहूनही जास्त होतील.

काल वहिनीनं मला बोलावलं. प्रबंधाचा बांधलेला गठ्ठा तिनं माझ्यासमोर ठेवला. तुझे मार्गदर्शक येऊन गेले होते. ते प्रकरण वगळून प्रबंध परत पाठवला तर पदवी देण्याचा प्रयत्न ते करतील, असं म्हणून गेले होते. वहिनी भिंतीला टेकून बसली होती.

"भाऊजी, तेवढं काढून टाका ना. मले त्यातलं काही समजत नाई. पन त्यायच्या नावापुढं डॉक्टर लागलं पाह्यजे. इतके वर्सं मी कंदिलाची काच पुसली ती कायले?"

मी म्हणालो, "वहिनी, त्याले नोको होतं काढायले."

"माहीत हाय मले नोको होतं. ते जगते तं मी भांडली असती त्यायच्याशी. आता कोनाशी भांडू, तुमच्याशी?"

मला सांगायचं होतं, भांडा ना. कोणीतरी भांडा माझ्याशी. पण तिचा चेहरा पाहून गठ्ठा उचलला आणि घरी आणला.

आज सकाळी सुतळी सोडली. सहावं प्रकरण वाचलं, माझं ते समासातलं 'नाही' वाचलं. तीन घरांतल्या पोरांबद्दल मी अजून तेच म्हणतो आणि म्हणत राहीन, त्यात तुला सूट नाही. पण उरलेलं? पानं बाजूला काढायला हात घातला आणि तुझी अट आठवली. तू म्हणाला होतास मी काढतो, तू फक्त म्हण. ते म्हटल्याशिवाय हे काढायचा मला हक्क नाही, आणि न काढता वहिनीसमोर जायची हिंमत नाही.

दवाखान्यात मी का म्हणालो नाही, सांगू? शब्द तोंडाशी आला होता. पण तू पिवळा पडलेला, डोक्यावर ती माळ. मी हो म्हणालो असतो तर तू लगेच डोळे उघडले असतेस. "पेशंटले बरं वाटावं म्हून म्हंतो ना बे?" असं म्हणून माझा होकार माझ्याच तोंडावर फेकला असतास. आणि तुझं बरोबर असतं. मला खरंच तुला बरं वाटायला हवं होतं, दुसरं काही नको होतं.

आता तुला बरं वाटायचं काही राहिलेलं नाही. कोणाची समजूत काढायची नाही, कोणाचा ताप उतरवायचा नाही. खोलीत मी एकटा आहे आणि कोणी ऐकत नाही, तेव्हा हे मी कोणासाठीही म्हणत नाही असं धर.

खरं आहे, थावर. मी होतो तिथं.